कोऱ्या रकान्याची चिठ्ठी

मी आयुष्यात एकदाच एका सरकारी कागदाच्या प्रेमात पडले, आणि तो कागद काही देखणा नव्हता. सायक्लोस्टाइलवर काढलेला, अक्षरं फुटलेली, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी मुळशीच्या खोऱ्यात, पौडच्याही बरीच आत, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. वय पंचवीस, राग नाकावर, आणि परिपत्रकांबद्दल माझं मत असं की ती फक्त फायलीला लावण्यासाठी छापतात.

हे परिपत्रक आलं ते तातडीचे रुग्ण मोठ्या दवाखान्यात कसे हलवावेत याबद्दल. तोवर आमची रीत फार सोपी होती. पेशंट हाताबाहेर गेला की आम्ही म्हणायचो, "पुण्याला न्या." नातेवाईक मिळेल त्या गाडीत घालून न्यायचे, ट्रक म्हणू नका, दुधाची गाडी म्हणू नका. पुण्यातले म्हणायचे, "खाट नाही, तिकडं न्या." तिकडचे आणखी तिकडं पाठवायचे. काही जण वाटेतच जायचे, आणि मग तो मृत्यू कुणाच्या खात्यावर, यावरून दोन दवाखान्यांत टोलवाटोलवी चालायची. मेलेल्या माणसाला त्याचं काही नसायचं, पण कागद मात्र महिनोन्महिने फिरत राहायचे.

आमचे डॉक्टर नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, माझ्याहून वर्षभरानं लहानच. त्यांनी ते परिपत्रक तीनदा वाचलं आणि एका जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात उतरवून काढलं. इथं जे करता येईल ते आधी करायचं. काय सापडलं, काय दिलं, किती वाजता, ते चिठ्ठीत लिहायचं. मोठ्या दवाखान्याला फोनवर कळवायचं आणि फोन कुणी घेतला तेही लिहायचं. बरोबर शिकलेलं माणूस द्यायचं. संमती घ्यायची. आणि सगळ्यात खाली, लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारून, मोठ्या दवाखान्यासाठी असलेला नियम: आलेला रुग्ण तपासल्याशिवाय परत पाठवू नये.

"डॉक्टर, ही तर रुखवताची यादी झाली," मी म्हणाले. "एवढं सगळं मांडेपर्यंत नवरी राहील का?"

ते लाजले, पण कॅलेंडर काही भिंतीवरून काढलं नाही. कार्बन घालून दोन-दोन प्रतींच्या चिठ्ठ्याही त्यांनी मला तयार करायला लावल्या. मी त्या तोंड वाकडं करून केल्या, हे कबूल करते.

त्यानंतर महिनाभरात, पौषातल्या एका सकाळी, चौघांनी एक बाज उचलून आमच्या ओसरीवर आणली. बाजेवर एकोणीस वर्षांची पोर होती, पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बरोबर तिची आई होती, वडील होते आणि गावची सुईण. ती सुईण शहाणी. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हात आलाय भाईर. म्या वढला न्हाई."

मी लुगडं बाजूला केलं. एवढासा हात, कोपरापर्यंत, निळसर. मूल पोटात आडवं पडलं होतं. आडवं मूल आपोआप येत नाही. ओढलं तर आई फाटते, नाही ओढलं तर दोघं संपतात. पोट उघडणं एवढाच मार्ग, आणि तो पुण्यात. मूल गेलंच असणार असं धरून मी लाकडी नळी तिच्या पोटावर टेकवली, कान लावला, आणि ऐकू आलं! टकटक, टकटक, घड्याळ पळत सुटावं तसं. मी काटा बघत मोजलं. एकशे छत्तीस!

"डॉक्टर, ठोका आहे!" मी अशी ओरडले की ओपीडीतली माणसं उठून उभी राहिली. डॉक्टर धावत आले, त्यांनी नळी लावली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मी तो हात निर्जंतुक फडक्यात गुंडाळायला घेतला, तेव्हा त्यातलं एक बोट हललं.

मग जी धावपळ सुरू झाली तिला तोड नाही. डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, चिठ्ठी भरली, आणि "संमती घ्या, मी फोन लावून येतो," म्हणत कंपाउंडरची सायकल घेऊन पोस्टाकडे सुटले. आमच्या केंद्रात फोन नव्हता. पोस्टातून अर्जंट ट्रंक कॉल लावायचा आणि लागेपर्यंत देव पाण्यात ठेवून बसायचं.

मी चिठ्ठी आणि शाईचा पॅड घेऊन वडिलांपुढे उभी राहिले. "मामा, अंगठा द्या इथं."

"कशापायी?"

"तिला पुण्याला न्यायचंय. ऑपरेशन लागेल. द्या लवकर."

त्यांनी कागदाकडे बघितलं, पॅडकडे बघितलं आणि दोन्ही हात मागे घेतले. "न्हाई."

"अहो, न्हाई काय? पोर मरेल!"

"पोर आता त्यांची हाय. पयलं बाळतपण म्हून आमी आणली. जावाई आल्याबिगर म्या अंगठा देणार न्हाई."

"जावई कुठायत?"

"चिंचवडला. कारखान्यात."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. अडाणी म्हटलं, कसाई म्हटलं. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग एकदम म्हणाले, "न्या की तिला! न्हिऊ नका म्हनलो का म्या? म्या जातो, जावयाला घिऊन येतो पुण्यात. पर अंगठा न्हाई." आणि वहाणा हातात घेऊन ते एसटी गाठायला पळत सुटले. मी आईकडे वळले, तर तिनं पदर तोंडाला लावला. "मी कोन अंगठा देनारी, बाई?"

अर्ध्या तासानं डॉक्टर घामाघूम होऊन परत आले. "लागला! फोन लागला! प्रसूती विभागाच्या सिस्टरनी स्वतः घेतला. टेबल तयार ठेवतो म्हणाल्या!" त्यांनी फोनची वेळ आणि 'प्रसूती विभाग, सिस्टर' असं चिठ्ठीत लिहिलं, आणि खालचा संमतीचा रकाना कोरा दिसताच थांबले.

"आणा इकडं, मी माझाच अंगठा उमटवते," मी म्हणाले. "अंगठ्यावर काय नाव लिहिलेलं असतं? कोण बघतंय?"

हे मी अगदी सहज म्हणाले. आजवर आम्ही कागद असेच भरत आलो होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पॅड खिशात टाकला. "कोरा असेल तर कोरा जाऊ दे," ते म्हणाले, आणि रकान्याखाली लिहिलं: वडील नेण्यास तयार, अंगठा देण्यास नकार, जिवाला धोका म्हणून हलवत आहे. त्यांनी खाली सही केली आणि वेळ घातली.

जीप आमची कुटुंबनियोजनाच्या मोहिमेतली, लाल त्रिकोणवाली. चालवायचे ते पौडच्या बाजारपेठेतले, सगळा तालुका त्यांना चाचा म्हणायचा. मागच्या फळ्या काढून गादी टाकली, पोरीला डाव्या कुशीवर घेतलं, कंबरेखाली घोंगड्यांची चळत, म्हणजे मुलाचा भार खाली येणार नाही. सलाइनची बाटली आईच्या हातात. "मावशी, बाटलीचा हात खाली आला तर बघा," मी तिला दम दिला. चाचांनी गाडी काढली. हॉर्न बंद होता. चाचा डाव्या हातानं स्टिअरिंग धरून उजव्या हातानं दाराचा पत्रा बडवत होते आणि ओरडत होते, "हटाऽऽ! बाजूला व्हाऽऽ!" कोंबड्या, सायकली, बाजाराला निघालेल्या बायका, सगळं दोन्ही बाजूंना फाकत होतं. भीती होतीच, पण खोटं कशाला बोलू, त्या वेगाची मला झिंगही चढली होती. दर पाच मिनिटांनी मी नळी लावत होते. धक्क्यांत नीट ऐकू यायचं नाही. मग चाचा ब्रेक दाबायचे, मी ऐकायचे, "आहे!" म्हणायचे, आणि गाडी पुन्हा उसळायची.

पौड गेलं. तेवढ्यात पोरीची आई, बाटली वर धरलेल्या अवस्थेतच, माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "त्ये जावयाचं निमित्त हाय, बाई."

"म्हणजे?"

"दोन वर्सामागं माज्या दिराचा अंगठा घेतला हुता तुमच्या हितं. रेशनकारडाचा कागद हाय म्हनले. येकच पोरगी हुती त्याला. संध्याकाळी टाके घालून घरी आला. तवापासून ह्ये अंगठा देत न्हाईत कुटं. हिची बी बंद करतील म्हनत्यात. मंग सासरची नांदवतील का हिला?"

त्या दिवशी नसबंदीच्या शिबिरात पॅड कुणी धरला होता ते ती बोलली नाही. मी धरला होता. त्या दिवशी किती अंगठे घेतले ते आठवत नाही, तिचा दीर कोणता तेही आठवत नाही. मी पोरीच्या पोटावर नळी लावली आणि चाचांना म्हणाले, "थांबवा जरा." ठोका होता. एकशे वीस. कमी झाला होता.

पिरंगुटच्या घाटात पुढे एसटी आडवी. वळणामागून वळण, तिला ओलांडायला जागा नाही. चाचा पत्रा बडवून बडवून दमले, पण एसटीवाला काही ऐकेना. इतक्यात एसटीच्या मागच्या काचेत एक मुंडासं दिसलं. पोरीचे वडील! त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि पुढच्याच क्षणी आत काय गोंधळ माजला असेल तो असो, पण कंडक्टरची घंटा टण् टण् टण् वाजतच राहिली. एसटी अंग चोरून दरडीला टेकली. आम्ही बाजूनं गेलो तेव्हा ते कमरेपर्यंत खिडकीबाहेर आले होते आणि दोन्ही हातांनी पुढे ढकलल्यासारखं करत ओरडत होते, "जावा! जावा म्होरं! थांबू नगा!" मघाशी ज्याला मी कसाई म्हटलं तो हा माणूस. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी हसतही होते. चाचा म्हणाले, "बाई, रडायचं तितं ग्येल्यावर. आत्ता धरून बसा."

भूगाव, बावधन, कोथरूड. पुण्यातल्या त्या मोठ्या दवाखान्याच्या दारात चाचांनी जीप अशी लावली की पहारेकरी मागे सरकला. अपघात विभागाच्या टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "खाटा फुल आहेत. दुसरीकडे न्या."

या क्षणासाठीच मी जन्माला आले होते, असं मला आजही वाटतं. मी बरोबर आणलेलं परिपत्रक टेबलावर आपटलं. "वाचा. तपासल्याशिवाय परत पाठवता येणार नाही. तुम्हालाही प्रत आली आहे."

"आम्हाला काही कळवलेलं नाही."

"कळवलंय! ही वेळ. फोन प्रसूती विभागाच्या सिस्टरनी घेतला. बोलवा त्यांना."

ते तोंड उघडणार तोच आतल्या दारातून एक जाडजूड सिस्टर जवळजवळ पळतच आल्या. "पौडकडची केस आली का? आडवं मूल? कधीचं टेबल लावून बसलोय!" त्या गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण बघायला वेळ कुणाला होता? स्ट्रेचर निघालं, मी बाजूनं धावत, आई बाटली धरून धावत. तिचा हात एवढ्या वेळात एकदाही खाली आला नव्हता. मनात मी आमच्या डॉक्टरांच्या त्या कॅलेंडरला हात जोडले.

ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली. भराभर, मान हलवत. "छान लिहिलंय. सगळं केलंय तुम्ही." मग नजर खाली गेली. "संमती? नवरा कुठाय?"

"येतोय. चिंचवडहून."

"कधी?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी नळी लावली. "शंभर," त्या म्हणाल्या. "मागे एकदा नवऱ्याच्या सहीशिवाय पोट उघडलं म्हणून इथं दगडफेक झाली होती. कुणीतरी आणा हो सहीला. कुणीही!"

आई भिंतीला चिकटून उभी. मी चिठ्ठी हातात घेतली. कोरा रकाना. त्याच्यावर छापखान्यातल्यासारख्या अक्षरात मीच लिहिलेली ओळ, परिपत्रकातून जशीच्या तशी उतरवलेली: रुग्णाची किंवा जवळच्या नातेवाइकाची संमती. वीसेक चिठ्ठ्यांवर मी ती स्वतःच्या हातानं लिहिली होती. रुग्णाची! आम्ही बापाला विचारलं, आईला विचारलं, चिंचवडच्या जावयासाठी बापाला एसटीमागं पळू दिलं, आणि जिचं पोट उघडायचं ती सकाळपासून शुद्धीवर होती, डोळे उघडे होते, तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

मी स्ट्रेचरवर वाकले. "लिहायला येतं का गं?"

"चौथीपातुर गेलेय," ती कळ दाबत म्हणाली. मग माझा हात घट्ट धरला. "बाई, बंद न्हाई ना करणार?"

"थांब," मी म्हणाले. "मी वाचते. तू ऐक."

आणि मी तो कागद मोठ्यानं वाचला. पहिल्या अक्षरापासून. मूल आडवं आहे. पोट उघडून काढावं लागेल. भूल देतील. धोका आहे, तोही वाचला. बंद करण्याचा त्यात शब्द नव्हता, आणि तसं मी तिला दोनदा सांगितलं. मधे कळ आली की मी थांबायचे, ती मान हलवायची, मी पुढे वाचायचे. डॉक्टरीणबाई हात धुता धुता दारातून ऐकत होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. चार वर्षांच्या नोकरीत मी कुणालाही वाचून दाखवलेला तो पहिला कागद.

"द्या," ती म्हणाली. पेन तिच्या घामट बोटांतून निसटत होतं. तिनं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, मग थांबून ते खोडलं आणि नवऱ्याचं लिहिलं. अक्षरं रकान्यातून बाहेर गेली.

"वय एकोणीस. शुद्धीत आहे. चला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दार मिटलं.

मी, मावशी आणि चाचा बाहेरच्या बाकावर. चाचा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, मावशी बाटली नसतानाही हात वर धरून बसली होती. मी तो खाली घेतला तेव्हा तिला कळलं. किती वेळ गेला देव जाणे. मग आतून आवाज आला. आधी मांजराएवढा, मग रागावलेला, मग असा बेंबीच्या देठापासून, की चाचा उभे राहून ओरडले, "आली! गाडी आली!" आम्ही तिघं हसत सुटलो. सिस्टर बाहेर आल्या. मुलगी. एक हात सुजलेला, बाकी ठणठणीत. आईही. मी त्या सिस्टरना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "अगं, माझा चष्मा!"

पोरीचे वडील जावयाला घेऊन उन्हं कलल्यावर पोचले. जावई तेलकट कपड्यांत तसाच आला होता. तो धावत आत गेला. वडील बाहेरच थांबले. मावशीनं त्यांना सगळं सांगितलं, मूल, सही, कागद वाचला तोसुद्धा. माझा आनंद पोटात मावत नव्हता. मला वाटलं, आता हे माझे पाय धरतील, आणि मी नको नको म्हणेन.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रागावलेले नव्हते. नवल वाटल्यासारखं बघत होते.

"बाई, तिला कागद वाचून दावला म्हनं तुमी."

"हो, मामा."

"म्या सकाळी इचारलं हुतं तुमाला, कशापायी म्हून. मला वाचून दावला आस्ता, तर म्या तवाच दिला आस्ता की अंगठा."

दिवसभर घोड्यावर बसलेली मी, एका वाक्यात खाली आले. वाचायला दोन मिनिटं लागली असती. चिठ्ठीची कार्बनची प्रत माझ्याजवळ होती. मी ती उलगडली, बाकावर त्यांना शेजारी बसवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ते गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होते.